लाल आकडे पडलेली झाडं: इंदूरमध्ये कायदा कुठे आणि कधी मदत करतो

सुदामा नगरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या गल्लीतला रस्ता रुंद होणार अशी चर्चा आहे आणि चौदा जुन्या झाडांच्या खोडांवर लाल रंगाने आकडे पडले आहेत. त्यात बहुतेक कडुनिंब आहेत, दोन पिंपळ आणि एक करंज. विचारायला गेलं की कोणी सर्व्हे चाललाय म्हणतं, तर कोणी पुढच्या आठवड्यात तोडणार म्हणतं. त्यातच शेजारचे काका स्वतःच्या अंगणातला आंबा पाडायला निघाले आहेत, कारण पानांनी गच्चीची नाळी तुंबते. पुण्याच्या नातेवाइकांनी सल्ला दिला की वृक्ष प्राधिकरणाकडे सात दिवसांत हरकत घ्या. ताई विचारतात, इंदूरमध्ये हे प्राधिकरण कुठे आहे, कायद्याने ही झाडं वाचतील का आणि खर्च किती येईल?

वाचू शकतात. पण त्यासाठी आरा येण्याआधीचे दिवस कामाला लावावे लागतील. इंदूरमध्ये झाडांच्या वादात वकिली करताना मी हेच वारंवार पाहिलं आहे. जी झाडं वाचली ती कागद हलत असतानाच वाचली, आणि लोक खोडाला मिठी मारून उभे राहिले तोवर बहुतेक वेळा सगळ्या सह्या झालेल्या होत्या. म्हणून मी बराच वेळ कागदांवर बोलणार आहे. कंटाळू नका, झाडाचं संरक्षण तिथेच असतं.

पुण्याचा सल्ला आधी बाजूला ठेवा. वृक्ष प्राधिकरण ही महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्यातली व्यवस्था आहे. पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला 'वारसा वृक्ष' मानायची तरतूद २०२१ मध्ये त्याच कायद्यात आली. मराठीत शोधलं की हेच सगळं समोर येतं, त्यामुळे आपल्याकडची मराठी मंडळी त्याच्याच कलमांचा आधार घेऊन अर्ज लिहितात. इथे तो कायदा लागू नाही, आणि चुकीच्या कायद्याचा अर्ज नगर निगमातला, म्हणजे महापालिकेतला, बाबू एका ओळीत परत करतो. आपल्याला लागू होतो तो मध्यप्रदेशचा 'वृक्षों का परिरक्षण (नगरीय क्षेत्र) अधिनियम, २००१'. अर्जात हेच नाव, असंच, हिंदीत लिहा. अर्जही हिंदीतच द्या आणि झाडांची नावं नीम, पीपल, करंज अशीच लिहा, म्हणजे नस्तीतल्या (सरकारी फाइलमधल्या) यादीशी ती ताडून बघता येतील.

या कायद्याचा गाभा साधा आहे. शहरी हद्दीत कोणतंही झाड तोडायचं तर आधी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. जमीन सरकारी असो, निगमाची असो की तुमच्या सातपिढ्यांच्या मालकीची असो. झाड तोडलं तर बदल्यात झाडं लावायची जबाबदारी येते, आणि वृक्ष अधिकाऱ्याचा आदेश पटला नाही तर अपिलाची वाटही कायद्यातच आहे. अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून मोजली जाते. म्हणून आदेशाची प्रत तुमच्या हातात कोणत्या तारखेला आली, याची नोंद पाकिटासकट जपून ठेवा.

शहरी हद्द म्हणजे काय, हेही तपासून घ्यावं लागतं. २०१४ मध्ये आसपासची २९ गावं निगमात आली. निपानियासारख्या भागात आजही जुन्या खसऱ्याचे (जमिनीच्या नोंदीचे) कागद घेऊन लोक सांगतात की ही शेतजमीन आहे, इथे निगमाचं काय काम. हद्दीत आलं की २००१ चा कायदा लागतो. हद्दीबाहेर, पंचायतीत, प्रकरण महसूल खात्याकडे जातं. तिथे १९५९ ची भूराजस्व संहिता बघायची: कलम १७९ प्रमाणे शेतातल्या झाडांवर भूमिस्वामीचा हक्क असतो, पण कलम २४० प्रमाणे काही झाडांच्या तोडीवर शासन बंदी किंवा नियम घालू शकतं. बायपासच्या पलीकडे नव्या कॉलनीत राहत असाल तर पटवाऱ्याकडे आधी खात्री करून घ्या.

आता तुमचे लाल आकडे. आकडा म्हणजे परवानगी नाही. रस्त्याचं काम जनकार्य विभाग आखतो, अडसर ठरणारी झाडं मोजतो, यादी उद्यान विभागाकडे जाते, मग पाहणी होते आणि मग आदेश निघतो. आकडे यातल्या पहिल्या टप्प्यावरच पडतात. म्हणजे तुमच्याकडे बहुधा अजून वेळ आहे, आणि हाच सगळ्यांत मोलाचा वेळ आहे. लोक तो चर्चेत घालवतात.

उद्याच झोनल कार्यालयात आणि उद्यान विभागात जा आणि एकच लेखी प्रश्न विचारा: या रस्त्यावरच्या झाडांबाबत २००१ च्या अधिनियमाखाली अर्ज आला आहे का, आला असेल तर त्याचा क्रमांक काय, आणि आदेश झाला असेल तर त्याची प्रत द्यावी. दोन प्रती न्या, एकीवर आवक शाखेचा शिक्का आणि तारीख घेऊनच बाहेर पडा. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि १८१ च्या सीएम हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपा. मंगळवारी कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई असते, तिथेही हाच कागद द्या. हेल्पलाइनवर किंवा जनसुनवाईत झाड वाचेलच असं नाही, पण अमुक तारखेला अधिकाऱ्यांना कळवलं होतं याचा पुरावा तयार होतो. पुढे न्यायालयात उभं राहायची वेळ आली तर पहिला प्रश्न हाच येतो, की आपण आधी कोणाकडे गेला होता.

त्याच दिवशी माहितीच्या अधिकाराचा अर्जही टाका, दहा रुपयांचं काम आहे. उत्तराला तीस दिवस लागू शकतात आणि तेवढ्यात झाडं जाऊ शकतात, हे खरं. म्हणून नुसत्या प्रती मागू नका. २००५ च्या कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये नस्तीचं निरीक्षण करायचाही हक्क आहे, तो मागा. समोर बसून नस्ती वाचायला मिळाली की जे दिसतं ते चार झेरॉक्सच्या पानांत कधीच दिसत नाही: पाहणी कोणी केली, कोणत्या तारखेला केली, शेरा काय मारला, कोणत्या कनिष्ठ अधिकाऱ्याने काय सुचवलं होतं आणि ते कुठे गळलं.

परवानगीचा आदेश हातात आला की तो झाडांपाशी उभं राहून वाचा, घरी नव्हे. किती झाडं, कोणत्या जातीची, घेर किती, जागा कोणती, कारण काय दिलं, कोणत्या अटी घातल्या, किती दिवसांसाठी, आणि बदल्यात काय लावायचं आहे. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात आदेश नऊ झाडांचा होता आणि खोडांवर आकडे चौदा होते. पाच झाडं 'जाता जाता' जाणार होती. ती पाच एका साध्या पत्राने वाचली, कारण त्या पाचांसाठी कोणाकडेच कागद नव्हता आणि हे लेखी विचारल्यावर ठेकेदाराला आरा लावायची हिंमत झाली नाही. दुसरीकडे एका ठिकाणी 'सूखा वृक्ष' असा शेरा होता आणि झाड पानांनी गच्च भरलेलं होतं. शेऱ्याची तारीख फेब्रुवारीतली. शिरीष फेब्रुवारीत निष्पर्णच असतो. वाळक्या शेंगांचा खुळखुळाट तेवढा राहतो, आणि न जाणणाऱ्याला ते झाड मेलेलं वाटतं. अशा वेळी वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्याचं एक पानी मत फार उपयोगी पडतं. आपल्या शहरात होळकर सायन्स कॉलेज आहे, आणि जिथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून काम करून कंपोस्टची इंदूर पद्धत जगाला दिली ते कृषी महाविद्यालयही आहे. अशा संस्थांतल्या प्राध्यापकांना विनंती करा. शेकडो सह्यांच्या निवेदनापेक्षा न्यायाधीश असं एक पान लक्षपूर्वक वाचतात.

इथे एक अडचण मोकळेपणाने सांगायला हवी. रस्ता निगमाचा, अर्ज निगमाचा आणि परवानगीची प्रक्रियाही निगमातूनच चालते. मागणारा आणि देणारा एकाच छताखाली असले की 'नाही' म्हणणं अवघड होतं. मला ही या व्यवस्थेतली सगळ्यांत मोठी उणीव वाटते. म्हणूनच आदेशात कारणं लिहिली आहेत का, हे बघणं इतकं महत्त्वाचं. पाहणी न करता, पर्याय न तपासता, छापील मजकुरात फक्त झाडांची संख्या भरून काढलेला आदेश उच्च न्यायालयापुढे टिकवणं निगमालाही कठीण जातं. विचार न करता दिलेली परवानगी, हाच बहुतेक याचिकांचा कणा असतो.

नोंदवही मात्र तुम्हीच करायची. प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवरचा घेर शिवणकामाच्या टेपने मोजा. पूर्ण झाड, खोड, आकडा आणि मागचं घर दिसेल असे फोटो काढा, ज्यात तारीख आणि जागेचे अक्षांश-रेखांश उमटतील. कोणत्या घरासमोर आहे ते लिहा. फुलं कधी येतात, घरटी आहेत का, खोडावर कीड आहे का, तेही लिहा. जुने राहणारे असतील तर त्यांच्याकडून झाड कधी लावलं ते विचारून सहीनिशी घ्या. लग्नाच्या, मुंजीच्या अल्बमांत अंगणातली झाडं मागे दिसतात. त्या फोटोंवरून वय सिद्ध केल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. झाड पडल्यावर 'तिथे एक मोठं झाड होतं' यापलीकडे काहीच हातात उरत नाही, आणि नोंद नसलेल्या झाडाची चोरीसुद्धा सिद्ध होत नाही.

आता वाईटात वाईट प्रसंग. सकाळी सातला आरा सुरू झाला. तोड बहुधा सुट्टीच्या दिवशी किंवा पहाटे सुरू होते, हे लक्षात असू द्या. शांतपणे परवानगीची प्रत मागा आणि सगळं बोलणं चित्रित करा. गाडीचे नंबर, ठेकेदाराचं नाव, किती झाडांना हात लागलाय, सगळं टिपा. प्रत दाखवत नसतील तर ११२ वर फोन करा आणि आलेल्या पोलिसांना पंचनामा करायला सांगा. इंदूर ३११ अ‍ॅपवर फोटोसह तक्रार टाका, तिथे वेळ आपोआप नोंदली जाते. पण कोणाचा आरा ओढू नका, कर्मचाऱ्याला हात लावू नका, गाडीपुढे आडवे पडू नका. शासकीय कामात अडथळा हे भारतीय न्याय संहितेचं कलम २२१ आहे, आणि कर्मचाऱ्यावर बळाचा वापर झाला असं ठरलं तर कलम १३२ लागतं. तरुण मुलं भावनेच्या भरात पुढे जातात आणि मग झाडाची केस बाजूला राहून त्यांच्या जामिनाची केस सुरू होते. त्यांना मागे ठेवणं हे आपल्यासारख्या मोठ्यांचं काम आहे.

झाड पडलंच, तर बुंधा उपटू देऊ नका. बुंध्याचा घेर, वलयं, आतलं लाकूड कीडलेलं होतं की सशक्त, हे सगळं त्यात वाचता येतं. 'आतून पोखरलेलं होतं' या बचावाला भक्कम बुंध्याचा फोटो हेच उत्तर असतं.

काही झाडं आऱ्याशिवायही मारली जातात, आणि हा प्रकार इंदूरच्या बाजारपेठांत मला फार दिसतो. दुकानाची पाटी झाकली जाते म्हणून कोणी खोडाभोवती वीतभर रुंदीची साल गोल काढून टाकतं. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातूनच मुळांकडे उतरतं. तो थर सगळ्या बाजूंनी तुटला की मुळं उपाशी पडतात. वर पाणी चढत राहतं, म्हणून झाड काही महिने हिरवं दिसतं आणि मग एखाद्या उन्हाळ्यात वाळतं. तोवर कोणाला काही आठवत नाही. हीच गोष्ट मुळांत ओतलेल्या तेजाबाची, आणि बुंध्याला घट्ट भिडवलेल्या काँक्रीट-पेव्हरची. आपल्या माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. वरून सगळं बंद केलं की मुळांना ना हवा मिळते ना पाणी, आणि पहिल्या जोराच्या वादळात झाड मुळासकट आडवं होतं. मग म्हणायचं, बघा, झाड धोकादायकच होतं. राष्ट्रीय हरित अधिकरणाने, म्हणजे पर्यावरणाच्या वादांसाठीच्या खास न्यायपीठाने, २०१३ मध्ये दिल्लीसाठी आदेश दिला होता की झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, आणि पाट्या, तारा, खिळेही काढा. तो आदेश दिल्लीपुरता आहे, पण निगमाला पत्र लिहिताना त्याचा दाखला जरूर द्या. साल काढलेली दिसली तर त्याच दिवशी फोटोसह तक्रार करा. जखम ताजी असेल आणि घेर पूर्ण तुटला नसेल, तर झाड सावरू शकतं.

छाटणीचंही तसंच. पावसाळ्याआधी तारांखालच्या फांद्या काढाव्या लागतात, त्याला विरोध करून उपयोग नाही आणि करूही नये. पण तारेपासून अंतर राखण्यापुरतीच छाटणी व्हावी. शेंडा उडवून नुसता खुंट ठेवणं म्हणजे छाटणी नव्हे. तसं केल्यावर जे कोंब फुटतात ते वरवर चिकटलेले असतात, दोन-तीन वर्षांत जड होऊन तेच मोडून पडतात. तुमच्या गल्लीत छाटणीची गाडी आली की खाली जाऊन उभं राहा आणि कुठपर्यंत कापायचं ते बोला. बहुतेक कर्मचारी ऐकतात.

शेजारच्या काकांचा आंबा. आधी कायदा: अंगण त्यांचं, झाड त्यांचं, तरी पाडायला परवानगी लागतेच. ही गोष्ट शहरातल्या निम्म्या लोकांना माहीत नसते आणि बहुतेक घरगुती तोड अज्ञानातूनच होते. म्हणून पोलिसात जाण्याआधी काकांकडे चहाला जा, हा माझा मनापासूनचा सल्ला आहे. नाळीवर जाळी बसवून आणि मोहोर येऊन गेल्यावर गच्चीवरच्या दोन फांद्या कमी करून प्रश्न सुटतो, आणि तेवढ्यासाठी माळी गाठता येतो. तुमच्या हद्दीत आलेली फांदी तुम्ही हद्दीपर्यंत काढू शकता, असा जुना दिवाणी नियम आहे. पण फांदी जाड असेल तर उद्यान विभागाला लेखी कळवूनच हात लावा, आणि त्यांच्या हद्दीत जाऊन काही करू नका.

झाड खरोखरच पडायला आलं असेल तर गोष्ट वेगळी. झुकलेलं, मुळाशी जमीन उचललेली, खोडावर भूछत्रं आलेली, ही लक्षणं गंभीर घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ प्रमाणे, पूर्वीच्या कलम १३३ प्रमाणे, पडण्याच्या बेतात असलेलं झाड काढायचा किंवा त्याला आधार द्यायचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. आधार देणं हाही पर्याय त्यात आहे, हे विसरू नका. मी झाडांच्या बाजूने लढते, पण माणसाच्या अंगावर पडू शकेल असं झाड वाचवायला मी कधीच उभी राहिलेले नाही. तुमच्या चौदांपैकी एखादं तसं असेल तर ते स्वतःहून मान्य करा. उरलेल्या तेरांबद्दलचं तुमचं बोलणं मग जास्त गांभीर्याने घेतलं जातं.

पक्ष्यांचा मुद्दा बरेच जण विचारतात, विशेषतः राणी सराईनंतर. रीगल चौकाजवळच्या त्या जागेवर मेट्रो स्थानकासाठी झाडं तोडायला २०२५ मध्ये शहरातल्या लोकांनी विरोध केला, तेव्हा तिथे संध्याकाळी मुक्कामाला येणारे हजारो पोपट सगळ्यांच्या बोलण्यात होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना धक्का लावणं येतं. पण रातथारा आणि घरटं यात कायद्याच्या दृष्टीने फरक आहे. पोपट रात्री जिथे बसतात तिथे अंडी घालतातच असं नाही. विणीच्या हंगामात, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, ते खोडाच्या ढोलीत अंडी घालतात. म्हणून 'हजारो पक्षी येतात' एवढ्याने कायद्याचा मुद्दा पक्का होत नाही. कोणत्या झाडाच्या कोणत्या ढोलीत, कोणत्या तारखेला पक्षी आत-बाहेर करताना दिसला, हे चित्रित असेल तर होतो. निदान वीण संपेपर्यंत तोड थांबवा, ही मागणी त्यावर ठामपणे करता येते.

१९९१ पासून बंद असलेल्या हुकुमचंद मिलच्या आवारात आपोआप उभं राहिलेलं रान हा आणखी वेगळा प्रश्न आहे. तिथे एकेका झाडापेक्षा मोठा मुद्दा येतो, की अशा जागेला वन म्हणायचं का. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशात म्हटलं होतं की मालकी कोणाचीही असली तरी शब्दकोशातल्या अर्थाने जे वन आहे त्याला वनसंरक्षण कायदा लागेल. शहरातल्या पडीक जागांवरच्या रानासाठी हा युक्तिवाद मांडता येतो. तुमच्या गल्लीतल्या रांगेला तो लागू पडणार नाही, उगाच घालू नका. जो मुद्दा टिकणार नाही तो याचिकेत घातला की टिकणारे मुद्देही पातळ होतात.

न्यायालयात जायचं तर कुठे? आपल्यासाठी मुख्य दार उच्च न्यायालयाचं इंदूर खंडपीठ, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली. भोपाळला हरित अधिकरणाचं मध्य क्षेत्रीय पीठ आहे आणि लोक आधी तिकडे धावतात, पण २०१० च्या त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ठरावीक सात केंद्रीय कायदेच आहेत, आपला २००१ चा वृक्ष कायदा त्यात नाही. वन, जल, हवा किंवा पर्यावरण संरक्षण कायद्याशी प्रश्न जोडता आला तरच तिथे जावं, आणि वादाचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत. नुसती परवानगीतली त्रुटी असेल तर अपील आणि उच्च न्यायालय हाच सरळ रस्ता.

वर्तमानपत्रात वाचून अनेक जण एका झाडाला एक लाख रुपये दंडाची मागणी करतात. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसा दंड कायम केला खरा, मथुरा-वृंदावन भागातल्या ४५४ झाडांसाठी. पण ती जागा ताजमहालाच्या संरक्षित पट्ट्यातली होती आणि तिथे तोडीला न्यायालयाची आधीपासून बंदी होती. इंदूरमध्ये तो दर आपोआप लागत नाही. झाडांचं मोल न्यायालयं किती गंभीरपणे बघतात हे दाखवायला मात्र तो निकाल जरूर जोडा.

न्यायालयात आणि निगमात दोन्हीकडे सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो तो नकाशा. 'झाडं तोडू नका' या मागणीला अधिकारी 'मग रस्ता करायचा की नाही' असं विचारतो आणि चर्चा तिथेच संपते. त्याऐवजी मंजूर आराखडा मागा. विकास योजनेत तुमच्या रस्त्याची रुंदी किती दाखवली आहे ते नगर तथा ग्राम निवेश कार्यालयात बघा. मग एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडून त्यावर झाडांच्या जागा टाकून घ्या. अनेकदा दिसतं की झाडांची रांग गाडीच्या रस्त्यात नाहीच, ती पावसाच्या पाण्याच्या नाळीच्या जागी आहे आणि नाळी मीटरभर सरकवली की बारा झाडं राहतात. किंवा झाडं फुटपाथच्या पट्ट्यात घेता येतात. कुठे एका बाजूचा ओटा अडीच फूट पुढे आलेला असतो आणि त्याला हात लावायचा नाही म्हणून झाडं जाणार असतात. हे रहवासी संघातल्या लोकांना ऐकायला आवडत नाही, पण तुमच्याच गल्लीतले ओटे आणि पायऱ्या रस्त्यावर असतील तर आधी त्या मागे घ्यायची तयारी लेखी द्या. एका कॉलनीत असं पत्र गेल्यावर अभियंत्यांनी स्वतः आराखडा बदलला.

बदल्यात झाडं लावू, हे उत्तर तुम्हाला नक्की मिळेल. १४ जुलै २०२४ ला रेवती रेंजवर एका दिवसात बारा लाखांहून अधिक रोपं लावून आपल्या शहराने जागतिक विक्रम केला. त्या दिवशी हजारो हात मातीत होते, त्याचं मोल आहेच. पण तिथलं रोप सुदामा नगरातल्या दुपारी बारा वाजता शाळेतून येणाऱ्या मुलाच्या डोक्यावर सावली धरू शकत नाही. म्हणून परवानगीच्या अटींत आग्रह धरा: बदली झाडं त्याच गल्लीत किंवा त्याच वॉर्डात, कोणत्या जातीची, किती उंचीची, पाणी कोण घालणार, किती वर्षं. माळव्यात जुलैत लावलेल्या रोपाला निदान दोन उन्हाळे हाताने पाणी द्यावं लागतं, हे अटीत नसेल तर ती अट कागदावरच राहते.

प्रत्यारोपणावर पटकन विश्वास ठेवू नका. वड-पिंपळ वर्गातली झाडं उपटून लावली तरी बऱ्याचदा धरतात, म्हणून तुमचे दोन पिंपळ अगदीच वाचत नसतील तर त्यांच्यासाठी हा मार्ग बोलता येईल. जुना कडुनिंब किंवा आंबा मात्र क्वचितच तगतो. काही आठवडे आधी मुळांभोवती खणून तयारी करावी लागते, मातीचा मोठा गोळा शाबूत ठेवावा लागतो आणि नंतर वर्ष-दोन वर्षं जपावं लागतं. एका रात्रीत जेसीबीने उपटून, फांद्या बोडक्या करून दुसरीकडे रोवलेलं खोड म्हणजे उशिरा मरणारं झाड. कोणी प्रत्यारोपण सुचवलं तर कुठे, कोण करणार, आणि एक वर्षाने फोटोसह अहवाल कोणाला देणार, हे आदेशात लिहून घ्या.

खर्चाचंही विचारलं आहे. अर्ज, पोस्ट, झेरॉक्स एवढ्यात बहुतेक काम होतं. याचिकेपर्यंत गेलंच तर संघाच्या नावाने जा, एकट्याने नको. संघ नोंदणीकृत असेल तर ठराव करून एका व्यक्तीला अधिकार द्या, नसेल तर निदान तीन-चार घरांनी मिळून सही करा. एकट्या माणसावर दबाव येतो आणि तो आला की प्रकरण मिटवलं जातं. पार्षदांना, म्हणजे नगरसेवकांना, पहिल्या दिवसापासून प्रत देत राहा. ते तुमच्या बाजूने नसतील असं धरून चालू नका, उन्हाची झळ त्यांच्या मतदारांनाही लागते.

तर ताई, उद्या सकाळी दोन अर्ज, आवकचा शिक्का, आणि संध्याकाळी टेप घेऊन चौदा झाडांची मोजणी. काकांकडे चहाला जाल तेव्हा त्यांच्या आंब्याचाही घेर मोजून वहीत लिहा. नस्तीचं निरीक्षण मिळालं की त्यातली पाहणीची तारीख आणि शेरा आधी उतरवून घ्या. उद्यान विभागातून आदेशाची प्रत मिळाली, किंवा आठ दिवसांत काहीच उत्तर आलं नाही, तर दोन्ही परिस्थितींत पुढचा कागद वेगळा लागतो. शिक्क्याची प्रत आणि वही घेऊन या, तो मसुदा आपण समोर बसून करू.